पहिली ओटी

"कराडचं काढायचं न्हाई," हे म्हणाले.

एस.टी. नुकती विट्याच्या स्टँडबाहेर पडली होती. वर्धन आमच्या पुढच्या सीटवर खिडकीशी बसला होता आणि सीटच्या रेक्झिनचा फाटका कोपरा नखाने उचकटत होता. मी त्या नखाकडे बघत होते.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"यंदाच सुरू झालंय म्हणायचं. सहावीत गेल्यापासनं. वर्गात दोन पोरं वाईट भेटली, संगत लागली. एवढंच."

"बरं."

"मॅडमनी इचारलं तर मी बोलतो. तू आपली हो म्हण."

बाहेर ऊस, वीटभट्टी, पुन्हा ऊस. मला पाचवा महिना होता. गाडी खड्ड्यात आदळली की पोटातलं मूल हलायचं आणि मग बराच वेळ हलतच राहायचं. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, अगदी पुढच्या सीटवर कुणीतरी खडूने काढलेला बाणसुद्धा. फक्त मला काय वाटत होतं ते आठवत नाही. बहुतेक काहीच वाटत नव्हतं.

वर्धनला तेव्हा अकरा पूर्ण होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने पहिलीतल्या एका मुलाची बोटं वर्गाच्या दाराच्या बिजागरीत धरली आणि दार ओढलं. वार्षिक परीक्षा झाली की दाखला घेऊन जा, असं शाळेने सांगितलं. ह्यांचा मंडपाचा व्यवसाय. खुर्च्या, पडदे, स्टेज. तालुक्यातली निम्मी लग्नं आमच्याच कापडाखाली लागतात. अशाच एका लग्नात ह्यांची डोंगरापलीकडच्या एका निवासी शाळेच्या संचालकांशी ओळख झाली होती. ते वर्धनला जूनमध्ये घ्यायला तयार झाले. अट एकच. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांचा कागद हवा, की मुलाचं जुनं काही नाही, झालंय ते अलीकडचं आहे, शिस्तीत राहिला की सुधारेल.

माझी तारीखही जूनचीच होती.

"एक बाहेर जाईल, एक आत येईल," आत्याबाई म्हणाल्या होत्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. "देवानंच येळ बघून दिलीया."

आदल्या आठवड्यात आम्ही ती शाळा बघून आलो होतो. लांब खोली, दोन्ही बाजूंनी लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेखाली पत्र्याची पेटी आणि पेटीवर पांढऱ्या रंगाने नाव. मोठी मुलं आणि लहान मुलं एकाच खोलीत. "मोठ्यांनी धाकट्यांना सांभाळायचं, ही आमची पद्धत," तिथले सर अभिमानाने सांगत होते. दुसरीतला एक मुलगा आमच्या मागे मागे फिरत होता. शर्टाचं एक बटण चुकलेलं, त्यामुळे सगळीच चुकलेली.

"दादा, तू माझ्याशेजारी झोप," तो वर्धनला म्हणाला. "ती खाट मोकळी हाय."

वर्धन त्याच्याकडे बघून हसला. ते हसणं मला माहीत होतं. मी खाली बसून त्या मुलाची बटणं सोडली आणि पुन्हा नीट लावली.

"तुझी आई कुठं असते रे?"

"जतची हाय. पण आता ऊसतोडीला गेलीया. होळीला येणार."

परत येताना हे म्हणाले, "झ्याक हाय शाळा. पाण्याची सोय पण हाय."

*

डॉक्टर तांबोळी मॅडम पन्नाशीच्या असतील. टेबलावर वेलदोड्यांची छोटी डबी, खिडकीत एक मरतुकडं तुळशीचं रोप. त्यांनी आधी वर्धनला एकट्याला आत घेतलं. आम्ही बाहेर बाकावर. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, "आता आई-बाबा या. वर्धन, तू मावशींजवळ बस. त्यांना गठ्ठे लावायला मदत कर."

"हो मॅडम," वर्धन म्हणाला. इतकं गोड, की दारातल्या मावशी हसल्या.

"छान बोलतो," दार लावून मॅडम म्हणाल्या. "पाया पडला माझ्या."

"घरातलं वळण हाय मॅडम," हे म्हणाले.

"त्या मुलाच्या बोटांचं विचारलं. म्हणाला, त्यानेच हात घातला. आणखी काय म्हणाला माहितीये? म्हणाला, लहान बोटं आहेत, लवकर बरी होतात." त्यांनी वेलदोडा सोलला. "कधीपासून आहे हे?"

"यंदापासनं. सहावीत गेला आणि दोन पोरं..."

"त्याआधी काहीच नाही? दहा वर्षांच्या आत?"

"का हो मॅडम? त्यानं काय फरक पडतो?"

"पडतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मित्रांच्या नादाने सुरू झालेलं बरंचसं ओसरतं. लहानपणापासून चालत आलेलं चिवट असतं. ते शिस्तीने जात नाही. त्याच्यासाठी आई-बापांना माझ्याकडे शिकायला यावं लागतं, आणि तेही वर्षानुवर्षं. म्हणून विचारते."

"न्हाई. तसलं काई न्हाई," हे म्हणाले. "अवखळ हाय जरा. पोरगाच हाय शेवटी."

मॅडमनी लिहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही सांगा. कुणाची तक्रार घेऊन कुणी दारात आलं, तर तुम्ही काय करता?"

हा प्रश्न आम्ही गाडीत धरलेला नव्हता.

"ओटी भरून येते," मी म्हणाले.

"कुणाची?"

"ज्या घरचं असेल त्या बाईची."

ह्यांचा पाय टेबलाखाली माझ्या पायाला लागला. पण मी काही वावगं बोलले असं मला वाटलंच नव्हतं. आमच्यात हे असंच चालतं. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनीच शिकवलं होतं: तोंडानं माफी मागितली की भांडण वाढतं, पाच जणांत होतं. ओटी भरली की बाई गप बसती. भरल्या ओटीनं कुणी शिव्या देत न्हाई. माझं घरातच शिलाईचं काम. फॉल-पिकोपासून लग्नाच्या ब्लाउजपर्यंत. त्यामुळे खणांना तोटा नव्हता. कपाटाच्या खालच्या कप्प्यात काठाच्या नव्या खणांचा वेगळा गठ्ठाच असायचा. नारळ आणायचा, तांदूळ, हळदकुंकू, आणि जायचं.

"आणि वर्धन? तो येतो बरोबर?"

"नाही. त्याला कशाला नेणार? तो घरी असतो."

"त्याला माहीत असतं तुम्ही कुठे गेलात ते?"

"नारळ बघतो की. विचारतो, आज कुणाकडं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुणाकुणाच्या भरल्यात? आठवतील तशा सांगा."

"मॅडम, ते बायकांचं असतंय," हे म्हणाले. "हळदीकुंकवाचं. त्याचा ह्याच्याशी काय..."

"बायकांचंच विचारतेय मी, भानुदासराव."

मला तारखा येत नव्हत्या. खण येत होते. कापड आठवलं की घर आठवायचं आणि घर आठवलं की बाकीचं. दाखला घ्यायला सांगितलं त्या दिवशीचा जांभळा, त्या बोटं चेमटलेल्या मुलाच्या आईला. तिने घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्या आधी राखाडी काठाचा. आमच्याच गोडाऊनमधल्या पडद्यांना काडी लावली आणि शेजारच्यांचं कडब्याच्या गंजीसकट सगळं गेलं, त्या बाईला.

"तेव्हा कितवीत?"

"चौथीत."

हे छताकडे बघायला लागले.

"त्याच्या आधी येसूबाई. भाजीवाल्या. त्यांची ओटी भरता येईना, त्यांचे मालक वारलेले. मग साखर आणि कापड टोपलीत ठेवून आले. त्यांच्या शेळीच्या करडाचं... ते करडू सापडलंच नाही. वर्धनने दाखवलं तेव्हा सापडलं." मी थांबले. "तिसरीत. आणि डाळिंबी खण पवारकाकूंना. मांजराची पिल्लं पाण्याच्या टाकीत सोडली होती. पहिलीत असेल तेव्हा."

"केल्यावर तो काय म्हणतो?"

"जेवायला काय आहे, म्हणतो."

"अहो मॅडम, पोरं करत्यातच की आसलं," हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "आम्ही न्हाई का बेडकं मारली?"

"मारली असतील. मग थांबलात ना?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. मग मला म्हणाल्या, "पहिली ओटी कुणाची होती?"

बाहेर मावशी कशाला तरी हसल्या. वर्धनने काहीतरी विनोद केला असावा. तो फार छान विनोद करतो.

मी गप्प बसले असते तर पवारकाकूंवरच थांबलं असतं. हे म्हणाले असते, मांजरांचं काय घेऊन बसलात मॅडम, आणि कदाचित पटवलंही असतं. त्यांना पटवता येतं. कागद मिळाला असता. जूनमध्ये वर्धनची पेटी त्या खाटेखाली गेली असती आणि माझं बाळ रिकाम्या, शांत घरात आलं असतं. पाळण्याकडे पाठ करून मला मशीन चालवता आलं असतं. आणि बोलले तर वर्धन ह्याच एस.टी.ने ह्याच घरात परत येणार होता, आणि बाळही तिथेच यायचं होतं.

हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी विनवत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यापुढे कधी हात जोडले नव्हते, तेव्हाही जोडले नाहीत, पण गुडघ्यावरचे हात एकमेकांत गुंतवून धरले होते.

"कराडला," मी म्हणाले. "माझ्या आक्काची."

*

वर्धन पाच वर्षांचा होता. आक्का, माझी मोठी बहीण, कराडला दिलेली. तिला उशिरा मुलगी झाली, जुई. चार महिन्यांची होती. आम्ही बारशाला जाऊ शकलो नव्हतो म्हणून मी वर्धनला घेऊन चार दिवस राहायला गेले. हे न्यायला येणार होते. आक्काने जुन्या नऊवारीची झोळी बांधली होती, माजघरातल्या आकड्याला. मी तिच्याच मशीनवर तिचे दोन ब्लाउज शिवत बसले होते. मध्ये चहाला म्हणून उठले.

आवाज आला. मग थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग जुई रडली.

आक्काच्या सासूबाई म्हणाल्या, गाठ सुटली गं बया. आक्काचे मालक जुईला घेऊन दवाखान्यात पळाले. घर रिकामं झालं. मी झोळीचं लुगडं उचललं. गाठ सुटलेली नव्हती. गाठ वर आकड्याला तशीच होती. गाठीखालचं कापड निम्म्यापर्यंत एका रेषेत गेलेलं होतं आणि उरलेलं वजनाने फाटलेलं. फाटलेल्या कापडाची दशी लांब-आखूड निघते. ही निम्मी दशी एकसारखी होती. मशीनवर माझी कात्री होती, जागच्या जागी, मिटून ठेवलेली. मी कात्री कधी मिटून ठेवत नाही.

झोळीखाली पितळेचा डबा उपडा घातलेला होता. उभं राहायला.

"वर्धन, का रे?"

"बघत होतो."

"काय बघत होतास?"

"पडते का."

मग त्याने लाडू मागितला. आणि मी दिला.

हे रात्रीच्या गाडीने आले. त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, गाठच सुटली. त्याच्यापुढं काई न्हाई. जुईचा हात कोपरापाशी दोन ठिकाणी मोडला होता. निघताना मी आक्काची ओटी भरली. मोरपंखी खण, चांगला इरकली काठाचा. तिने पदर पसरून घेतला. मी वाकून नमस्कार केला आणि उभी राहिले, तेव्हा तिने तो पदर माझ्याच पदरात उलटा केला. तांदूळ, नारळ, खण, सगळं. भरलेली ओटी परत करत नसतात. घरात सगळ्या बायका होत्या.

"ही नको," आक्का म्हणाली. "तोंडानं सांग, कसं पडलं."

"गाठ सुटली," मी म्हणाले.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नव्हती.

*

मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं. मी संपवल्यावरही त्या थोडा वेळ लिहितच होत्या.

"लिहू नका मॅडम," हे म्हणाले. "पोराच्या कपाळावर शिक्का बसंल."

"कपाळावर नाही लिहीत. इथे लिहितेय, म्हणजे पुढच्या वेळी मला पहिल्यापासून विचारावं लागणार नाही." त्यांनी डबी ह्यांच्यापुढे सरकवली, पण ह्यांनी वेलदोडा घेतला नाही. "आज मी ह्याला आजाराचं नाव देत नाही. दोन-तीन वेळा भेटेन, शाळेतल्या बाईंशी बोलेन. तुमच्या मेव्हणीशीही बोलायला हवं. पण सुरुवात कधी झाली ते कळलं. आता निवासी शाळेसाठी तसा कागद मला देता येणार नाही."

"मग ठेवू कुठं त्याला? सांगा तुम्हीच. हिच्या पोटात हाय, दिसत न्हाई का तुम्हाला?" हे एकदम उठून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. "काय मिळवलंस? आं? काय मिळवलंस तू?"

 मी मॅडमना म्हणाले, "मॅडम, तिथं आया नाहीत."

"म्हणजे?"

"तिथली पोरं लहान आहेत. त्यांच्या आया गावाला. काही झालं तर माझ्या दारात कोण येणार? मला कळणारसुद्धा नाही. मी कुणाची ओटी भरू?"

हे खाली बसले. बसले म्हणजे खुर्चीवर नुसते टेकले. खिशातून रुमाल काढला आणि घड्या मोडल्या, परत घातल्या.

त्या दिवशी मॅडमनी दोन-तीनच गोष्टी सांगितल्या. मारायचं नाही. चांगलं काही केलं की तिथल्या तिथे बोलून दाखवायचं, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. बाळ आलं की त्याला बाळाजवळ एकटं सोडायचं नाही, एक पळही नाही, आणि हे त्याला चोरून करायचं नाही, स्पष्ट सांगायचं. आणि ओटी बंद.

"तुम्ही भरता आणि त्याचं फिटतं," त्या म्हणाल्या. "यापुढे तो जाईल. तुम्ही बाहेर उभ्या राहा."

"आत्याबाई जाऊ देणार नाहीत," मी म्हणाले.

"मग त्यांनाही आणा एकदा."

व्हरांड्यात येऊन मी आक्काला फोन लावला. नंबर पाठ होता. तिने उचलला, आणि माझा आवाज ऐकूनही ठेवला नाही. मागे शाळेच्या पाढ्यांची उजळणी ऐकू येत होती. जुई असावी.

"आक्का," मी म्हणाले, "वर्धनने कापलं होतं. माझ्या कात्रीनं."

मागे पाढे चालूच होते.

"डॉक्टरबाई आहेत इथं. त्यांनी लिहून घेतलंय. त्या तुला विचारतील."

"विचारू दे," आक्का म्हणाली. मग, "कितवा महिना गं तुला? आई बोलली."

"पाचवा."

"हं," ती म्हणाली. "झोळी बांधू नको. लाकडी पाळणा घे."

परतीच्या गाडीत वर्धन माझ्याशेजारी बसला, हे पुढे. वर्धनने विचारलं, "मी जाणार नाही ना त्या शाळेत?"

"नाही."

"मला ती खाट आवडली होती," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. त्याचं डोकं जड होतं. लहानपणी होतं तसंच, शिकेकाईचा वास येणारं. मी हलले नाही. विटा येईपर्यंत माझा हात बधिर झाला होता.

*

हे सगळं मी दुपारचं लिहितेय, मीरा झोपली की. ब्लाउजच्या मापाचे जुने वर्तमानपत्री कागद असतात, त्यांच्या कडेला. मीरा तीन वर्षांची झाली. वर्धन पंधरा. मंगळवारी आम्ही तिघं तांबोळी मॅडमकडे जातो. हे पहिलं वर्षभर आले नाहीत, मग यायला लागले. मॅडमनी चौथ्या भेटीत नाव दिलं, वर्तन विकार, लहानपणापासूनचा. ते नाव ऐकून हे त्या दिवशी जेवले नाहीत. गेल्या वर्षी त्याने एका मुलाची सायकल विहिरीत टाकली. तो गेला त्या घरी, मी फाटकाबाहेर उभी राहिले. आत काय बोलला मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. बरा होतोय का, असं मी मॅडमना विचारत नाही. त्या म्हणतात, त्याला काय वाटतं ते राहू दे, काय केलं ते बघा.

आज गच्चीवर कुरडया बघायला गेले होते. आत्याबाई देवळात. मीराच्या खोलीला मी बाहेरून कडी लावून ठेवते. बाहेरूनच, म्हणजे कुणालाही निघेल अशी. दुसरी सोय नाही. जिना दोन पायऱ्या उतरले तर वर्धन वर येत होता.

"आई, ती उठलीये. रडतीये."

मी धावले.  कडी लागलेलीच होती. आतून मीरा दार थापटत होती. वर्धन माझ्यामागून आला आणि दारापासून दोन हात लांब, भिंतीला टेकून, हात पाठीमागे धरून उभा राहिला.

"मी उघडलं नाही," तो म्हणाला.

"चांगलं केलंस," मी म्हणाले. तिथल्या तिथे. 

मी कडी काढली. मीरा नाक पुसत बाहेर आली, माझ्या साडीला वळसा घातला आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन दोन्ही हात वर केले.

"दादा, घे."

त्याने हात पाठीमागून काढले नाहीत. माझ्याकडे बघितलं.

"घेऊ?"

"घे," मी म्हणाले.

त्याने तिला उचललं. तिने त्याच्या मानेभोवती हात टाकले. तो तिला घेऊन उभा होता, आणि मी तिच्या खाली, हवेत, माझे दोन्ही हात धरून उभी होते.